जमीन बघायला आलेली माणसं

लग्नासाठी मुलगी ‘बघायला’ जाण्याबद्दल आता माझ्या ओळखीतलं कोणी फुशारकीने बोलत नाही. कांदेपोहे, ट्रेमधला चहा, ‘जरा चालून दाखव’ हे सगळं निदान चारचौघांत तरी हास्यास्पद ठरलं आहे. जमीन ‘बघायला’ जाण्याचं मात्र उलट झालं आहे. शनिवारी पहाटे बाइक काढायची, शहरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर कुणाच्या तरी वावरात उभं राहायचं, चारी दिशांना फोन फिरवून व्हिडिओ घ्यायचा आणि मग विचारायचं : पाणी किती फुटांवर लागतं? रस्ता आहे का? सातबारा कोरा आहे का? रविवारी रात्री तो व्हिडिओ ग्रुपवर पडतो. सोमवारी मीटिंग सुरू होण्याआधीची पाच मिनिटं त्याच्यावर चर्चा होते.

माझ्या टीममधले अकरापैकी चार जण सध्या अशा जमिनीच्या शोधात आहेत. त्यांची कारणं मला पाठ आहेत. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही. फ्लॅटचे हप्ते वीस वर्षं चालणार. शहरात श्वास घ्यायला जागा उरली नाही. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त. यातलं एकही कारण खोटं नाही. माझं भांडण त्या बघण्याशी आहे. शहरातून आलेल्या माणसाला जमीन रिकामी दिसते, आणि गावातली जमीन कधीच रिकामी नसते. तिच्यावर कोणाकोणाचा जीव अवलंबून आहे हे आपल्याला दिसत नाही, तोवर तिच्या खरेदी-विक्रीचे नियम सैल करा अशी मागणी करण्याचा आपल्याला, म्हणजे घेणाऱ्यांना, अधिकार नाही. आणि घ्यायचीच असेल तर विकणाऱ्यासोबत गावालाही विचारायला हवं. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे.

हे मी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या घरात सध्या हाच वाद चालू आहे. इसार अजून दिलेला नाही. आणि हा लेख बाबा वाचणार आहेत.

आम्ही चंद्रपूरचे. आजोबांची शेती १९८०च्या दशकात कोळशाच्या उघड्या खाणीत गेली. मोबदला मिळाला आणि जमिनीच्या बदल्यात घरात एक नोकरी आली. ती बाबांनी निवृत्त होईपर्यंत केली. त्या पगारावर मी इंजिनिअर झालो, पुण्याला गेलो. बाबांच्या डोक्यातून मात्र शेत गेलं नाही. निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून ‘दोन एकर का होईना’ हे एकच पालुपद चालू आहे. आता, विदर्भात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. विदर्भासाठीच्या १९५८च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ८९ आडवं येतं. बाबांच्या नावावर गुंठाभरही जमीन उरलेली नाही. पण आईचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर आहे. तेव्हा खरेदी आईच्या नावाने करायची असं ठरलं. आईला कोणी विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोन बाइकवर निघालो. माझ्या मागे आई, काकांच्या मुलाच्या मागे बाबा. कार घेतली नाही, कारण शेवटच्या दीड किलोमीटरवर चारचाकी जात नाही असं दलालाने आधीच सांगितलं होतं. चंद्रपूरहून चिचपल्लीवरून मूल, आणि मूलहून हरणघाटचा पूल ओलांडला की चामोर्शी तालुका. वैनगंगा इथं दोन जिल्ह्यांची हद्द आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तोवर दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यातच होते. मार्कंडा गडचिरोलीकडच्या काठावर. तिथं नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या जागेला मान. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

दलालाच्या बोलण्यात पहिली गोष्ट हीच होती : “देवळाचा व्ह्यू आहे, साहेब.” मार्कंडादेवाचं देऊळ हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीचं बंधन, हे २०१०च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलेलं आहे. दलाल हे सांगत नाही. तो नदीचंही सांगत नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला, त्यात पाणी कुठल्या झाडापर्यंत चढलं होतं हे काठच्या गावांतल्या पोरालाही माहीत असतं. आपण मात्र ‘रिव्हर टच’ हा शब्द ऐकून दोन लाख जास्त द्यायला तयार होतो.

ज्या गावाचं वावर पाहिलं त्याचं नाव मी लिहीत नाही. विकणारा घरातल्या आजारपणापायी विकतोय, आणि ते त्याचं खाजगी आहे. धानाच्या चार बांध्या. धान कापून झालेलं, त्याच्या ओलीवर टाकलेली लाखोरी हिरवीगार. धुऱ्यावर मोहाची दोन झाडं. एका अंगाने पांदण. बाबा वाकून माती हातात चोळून बघत होते. काकांचा मुलगा व्हिडिओ घेत होता. दलाल म्हणत होता, “तारेचं कुंपण करून टाका, मग बघा कसा लूक येते.”

आई तोवर लाखोरीची भाजी खुडणाऱ्या बायकांपाशी जाऊन बसली होती. त्यातल्या एकीने विचारलं, “जमीन घ्याले आले का जी तुमी?” आई हो म्हणाली. “मंग तारा मारसान?” आई म्हणाली, रानडुकरं येतात म्हणतात, मारावं लागेल. त्यावर ती बाई भांडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तं आमची ढोरं कुठून जातीन?”

आम्ही कोणी काही बोललो नाही. दलाल बोलला : “त्याचं काही टेन्शन नाही.”

आईने पुढच्या अर्ध्या तासात जे गोळा केलं ते असं. लाखोरी निघाली की ह्या बांध्या मोकळ्या होतात आणि पावसाळ्यापर्यंत गावचा ढोरकी तिथं ढोरं चारतो. शेण वावरात पडतं, चारा ढोरांच्या पोटात जातो, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. पांदणीने ढिवर जाळी घेऊन नदीवर जातात. वरच्या तलावाचं पाणी ह्याच बांध्यांमधून खालच्या दोन शेतांत उतरतं. ह्याने पाणी सोडलं तर खालच्यांची रोवणी होते. मोहाच्या एका झाडाची फुलं विकणाऱ्याच्या घरची माणसं वेचतात, दुसऱ्याची त्याची विधवा बहीण. बहिणीच्या नावावर कुठंच काही नाही. यातली एकही गोष्ट सातबाऱ्यावर नव्हती. दलालाने अभिमानाने दाखवलेला सातबारा खरोखरच कोरा होता.

माझ्या कामात, डेटाबेसच्या एका टेबलातली ओळ काढून टाकायला गेलं की यंत्रणा आधी बघते की आणखी कुठल्या टेबलांतल्या ओळी हिच्या आधारावर उभ्या आहेत. असतील तर ती ओळ काढू देत नाही. हे बंधन घालायला विसरलेला प्रोग्रामर पहिल्याच आठवड्यात शिव्या खातो. जमिनीच्या व्यवहारात मात्र आपण एकच टेबल उघडतो आणि म्हणतो, टायटल क्लिअर आहे.

गंमत अशी की दुसरं टेबल आहे. ते कायद्यातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली १६१ ते १६५ ही कलमं उघडून बघा. कलम १६१ प्रमाणे गावच्या बिनभोगवट्याच्या जमिनीच्या वापराची, म्हणजे चराई, जळाऊ लाकूड, गावच्या इतर गरजा यांची व्यवस्था निस्तारपत्रकात लिहायची असते. कलम १६५ त्याहून पुढं जातं. जी जमीन किंवा पाणी सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीचं नाही, म्हणजे जे खाजगी आहे, त्यावरचे पाण्याचे, वहिवाटीचे, मासेमारीचे रिवाज जिल्हाधिकाऱ्याने नोंदवायचे. त्या नोंदीचं नाव वाजिब-उल-अर्ज. शब्द जुन्या मध्य प्रांतातून आला आहे, विदर्भातल्या महसुली माणसाला परका नाही. म्हणजे त्या बाईचा प्रश्न कायद्याला ठाऊक आहे. ‘आमची ढोरं कुठून जातीन’ ह्याला कायद्यात रकाना आहे. आमच्या ओळखीत जमीन घेतलेल्या एकाही माणसाने तो रकाना मागितलेला नाही. वकिलाने सर्च रिपोर्ट दिला, तीस वर्षांचे फेरफार तपासले, बँकेचा बोजा तपासला, आणि ढोरांची वाट तपासली नाही, कारण ढोरांची वाट कोर्टात जाऊन कोणी मागणार नाही ह्याची सगळ्यांना खात्री असते.

आता भावाकडे येऊ. पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटचं जेवढं डाउन पेमेंट, तेवढ्यात इथं दोन एकर मिळते. आपण ह्याला ‘स्वस्त’ म्हणतो. ही स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही. एकपिकी धान, भाव मिळण्याची मारामार, वाघाच्या आणि रानडुकरांच्या भीतीने रात्रीची जागल, दवाखाना गाठायचा तर गडचिरोली किंवा चंद्रपूर. हे सगळं भावातून आधीच वजा झालेलं असतं. शहरातला माणूस ह्या वजाबाकीवर खुश होतो आणि मग तिच्यात स्वतःची बेरीज करतो. कारण त्याला गावाच्या आधी बातमी लागते. चामोर्शी तालुक्यातच कोनसरीला सुरजागडच्या लोहखनिजावर चालणारा कारखाना उभा राहिला आहे. गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करण्याच्या घोषणा मोठ्या व्यासपीठांवरून होतात. समृद्धी महामार्ग गडचिरोलीपर्यंत आणायचं ठरतं. हे नकाशे पुण्या-नागपुरातल्या ग्रुपवर फिरतात. विकणाऱ्याला दवाखान्याच्या बिलाची तारीख माहीत असते, घेणाऱ्याला रस्त्याची आखणी. अशा दोघांत ठरलेल्या भावाला बाजारभाव म्हणणं ही थट्टा आहे.

त्यात ह्या भागातला ‘मोकळा’ तुकडा हा आणखी एक फसवा शब्द. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ नावाचा प्रकार आहे. शेतीला निकस, झाडझुडूप वाढलेली, गावाने गुरं चारायला वापरलेली जमीन. अशी ८६,४०९ हेक्टर जमीन वनजमीनच मानावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. म्हणजे ज्या तुकड्याकडे बोट दाखवून दलाल म्हणतो, “हे तं असंच पडलं आहे, तुमच्या शेताले लागूनच, वापरा,” तो तुकडा महसुलाच्या वहीत एक असतो, वनखात्याच्या वहीत दुसरा, आणि गावाच्या लेखी गायरान. पडीक तो फक्त आपल्या डोळ्यांना असतो.

दलालाने त्या दिवशी दुसरंही वावर दाखवलं. त्याचा मालक आदिवासी. “नावावर नाही होणार,” दलाल म्हणाला, “पण पाचशेच्या स्टँपवर करार करू, ताबा तुमचा. सगळेच करतात.” महसूल संहितेचं कलम ३६अ म्हणतं की ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, गहाण, भाडेपट्टा, कुठल्याच मार्गाने परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला आणि गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बाकी सगळ्याला त्यावर राज्य शासनाची मान्यताही. पाचशेचा स्टँप हा त्या कुंपणातून काढलेला चोरदरवाजा आहे. बाबा तिथून ताबडतोब निघाले, हे मुद्दाम नोंदवतो. पण दलालाचं ‘सगळेच करतात’ हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तो एवढ्या सहज बोलला, म्हणजे त्याला होकाराची सवय असणार.

इथं मला एक जुना आणि वजनदार युक्तिवाद आडवा येतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आम्हाला शिकवलं की शेतकऱ्याच्या गरिबीचं मूळ त्याच्या स्वातंत्र्यावरच्या बंधनांत आहे. अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन आजही कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करा म्हणतं. त्यांचा प्रश्न सरळ आहे : फ्लॅटवाला फ्लॅट वाटेल त्याला विकतो, मग शेतकऱ्यानेच का विचारायचं? गिऱ्हाईक कमी म्हणून त्याच्या जमिनीला भाव कमी, आणि वर तुम्ही शहरातले त्याला गाव वाचवायला सांगणार?

हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. अधिग्रहणाच्या मुद्द्यावर तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. आमच्या आजोबांची शेती तशीच गेली. पण विकण्याचं स्वातंत्र्य आणि विकावं लागणं ह्या दोन गोष्टी आहेत. दवाखान्यापायी, कर्जापायी, लग्नापायी निघालेली विक्री ही स्वातंत्र्याची खूण मानायची असेल, तर सावकाराच्या दारातली रांगही स्वातंत्र्याचीच म्हणावी लागेल. दुसरं असं की फ्लॅट विकला तर शेजाऱ्याचा नळ बंद होत नाही. बांधी विकली आणि घेणाऱ्याने तार मारली, तर खालच्याची रोवणी थांबते. जिथं एकाच्या व्यवहाराने तिसऱ्याचं पाणी तुटतं, तिथं तिसऱ्याला बोलायला जागा ठेवणं ही जुलमाची गोष्ट नाही. आणि गिऱ्हाईक वाढलं की भाव वाढतो हे खरं, पण तो वाढतो ज्याच्याकडे वाट बघायला पैसे आहेत त्याच्यासाठी. गरजू माणूस पहिल्या लाटेत विकून मोकळा होतो. पुढचा नफा दुसरा, तिसरा हात घेतो.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मधली घोषणा मला अस्वस्थ करते. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत सांगितलं की आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खाजगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देता यावी, त्यासाठी मंत्रालयापर्यंत जावं लागू नये, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर निर्णय व्हावा, आणि एकराला वर्षाला किमान ५० हजार रुपये मिळावेत. ५० हजार हा आकडा ऐकायला चांगला आहे, आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणं वाईट, ह्यातही वाद नाही. पण पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आजही पुरते. मग बदल कोणासाठी हवा आहे? ज्याला पाच वर्षं कमी पडतात त्याच्यासाठी. धान लावणाऱ्याला पाच वर्षं पुरतात. अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनी हातातून जाऊ न देण्याचा अधिकार १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. नवा मार्ग काढायचाच असेल तर तो ग्रामसभेच्या चावडीवरून काढा. मुंबईची पायरी कमी करताना गावाचीही पायरी कमी झाली, तर ती सोय भाडेकरूची होईल.

‘म्हणजे बाहेरच्यांनी यायचंच नाही का?’ काकांच्या मुलाने परतताना मूलच्या चहाच्या टपरीवर हाच प्रश्न केला. नाही, तसं माझं म्हणणं नाही. चामोर्शी आणि मुलचेरा भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं, त्यांची गावं तिथं उभी आहेत. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण ते आले आणि चिखलात उतरले. त्यांची पोरं तिथल्याच शाळांत शिकली, त्यांची ढोरं तिथंच चरली. बाहेरचा असण्याचा प्रश्न एका पिढीत सुटतो. मालक गैरहजर असेल तर तो कधीच सुटत नाही. महिन्यातून एक रविवार येणारा मालक रोवणीला नसतो, पोळ्याला नसतो, पुराच्या रात्री नसतो. तो नसताना त्याच्या वतीने तिथं उभी असते ती तार. १९९०च्या दशकात आपल्याच मध्यमवर्गाने सागवान लागवडीच्या योजनांमध्ये पैसे घातले होते. झाडं न बघता, कागदावर. ते पैसे बुडाले आणि आपण हळहळलो. तेव्हा जमिनीवर कोण होतं, हे आपण तेव्हाही विचारलं नव्हतं.

ह्याच जिल्ह्यात दुसरा रस्ताही आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. २०१३ मध्ये ह्या गावाने आपली खाजगी शेतजमीनसुद्धा १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायचं ज्याने त्यानेच, वारसाने मिळायचंही तसंच, पण गावाबाहेरच्याला विकायचं नाही. आपल्याकडे विनोबांचं नाव निघालं की भूदान फसलं असं म्हणून हात झटकायची पद्धत आहे. इथं एका गोंड गावाने, कोणी पदयात्रा काढलेली नसताना, आपण होऊन तो कायदा शोधून काढला. आपल्या जमिनीकडे ‘बघायला’ कोण येणार आहे, हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं असं मला वाटतं. प्रत्येक गाव मेंढा होणार नाही. पण गावाची संमती हा प्रकार अशक्य आहे, असं त्यानंतर कोणी म्हणू नये.

आता बाबांचा युक्तिवाद. तो सगळ्यांत अवघड आहे, कारण तो कायद्याचा नाही. ते म्हणतात, “आपली गेली तेव्हा आपल्याला कोण विचारायला आलं होतं? मी तर पैसे मोजून, राजीखुशीने घेतोय. माझ्या बापाचं गेलं ते मला दोन एकर परत पाहिजे, त्यात पाप काय आहे?”

पाप काहीच नाही, बाबा. पण आपलं काय गेलं ते तुम्हीच मला सांगितलं आहे. आजोबांच्या विहिरीवर शेजारच्या तीन घरांची रहाटी होती. वावराच्या कडेने देवीला जायची वाट होती. कापूस वेचायला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षं त्याच होत्या. पंचनाम्यात विहीर लिहिली गेली, ती घरं नाही. एकर लिहिले गेले, वाट नाही. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला. त्या बायकांना कोणी दमडी दिली नाही, आणि त्या कुठं गेल्या हे आज तुम्हालाही माहीत नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने निदान एवढं केलं की ‘बाधित कुटुंबा’च्या व्याख्येत शेतमजूर आले, कुळं आली, जंगलावर आणि पाण्यावर पोट असलेली कुटुंबं आली. म्हणजे आज सरकारला जमीन घेताना ती माणसं मोजावी लागतात. आपण राजीखुशीने घेतो तेव्हा मोजावी लागत नाहीत. ज्या वहीने आपलं नुकसान अर्धंच लिहिलं, तीच वही घेऊन आपण दुसऱ्याच्या गावात उभे आहोत.

म्हणून माझ्या मागण्या. गावात न राहणाऱ्याला शेतजमीन विकायची असेल तर खरेदीखताआधी ग्रामसभेत तीस दिवसांची जाहीर सूचना लागावी, आणि त्याच भावात घ्यायला गावातलं कोणी तयार असेल तर पहिला हक्क त्याचा असावा. त्या हक्काला बँकेचं कर्ज जोडलेलं असावं, नाहीतर तो कागदावरच राहील. वाजिब-उल-अर्ज गावोगाव नव्याने लिहावा आणि सातबाऱ्यासोबत त्याचा उतारा जोडल्याशिवाय दस्त नोंदवू नये. ३६अ जसं आहे तसं राहावं. आजारपणामुळे जमीन विकायला निघालेल्या घराला दवाखाना जवळ मिळावा. ही शेवटची मागणी जमिनीच्या कायद्यातली नाही, पण निम्म्या विक्रीपत्रांचं कारण तिथं आहे असं गावात कोणीही सांगेल.

हे सगळं होईपर्यंत आम्ही काय करायचं? माझं घरात म्हणणं असं आहे. त्या वावराच्या खालच्या दोन शेतांचे मालक आहेत. आधी त्यांना विचारायचं की त्यांना बांध्या हव्यात का. त्यांना नको असतील तर बाबांनी दोन वर्षं ते शेत ठेक्याने घ्यावं आणि ठेका आगाऊ द्यावा, म्हणजे विकणाऱ्याच्या हाती आज काही रक्कम पडेल. त्याची सगळी गरज त्यात भागणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्याचं नाव सातबाऱ्यावर राहील. बाबा दोन रोवण्या चिखलात उभे राहतील आणि गाव त्यांना बघेल. बघण्याचा कार्यक्रम एकदा उलट बाजूनेही व्हायला हवा. त्यानंतरही खरेदीची वेळ आलीच, तर आई सही करणार आहे, तेव्हा अटी आईने घालाव्यात. तिने त्या आधीच सांगितल्या आहेत : पांदण मोकळी, पाण्याची वाट मोकळी, लाखोरी निघाल्यावर ढोरांना वावर मोकळं, आणि दुसरा मोह बहिणीचा. हे इसाराच्या कागदावर भावाच्या आधी लिहायचं आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचं.

एवढं करूनही गाव नाही म्हणालं, तर परत यायचं. पेट्रोलचे पैसे गेले असं समजायचं.